नोकरी सांभाळून नीती: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

हे मार्गदर्शन चाळिशी ओलांडलेल्या, एक तारखेला पगार येणाऱ्या आणि पाच तारखेला हप्ता जाणाऱ्या माणसांसाठी आहे. विशीतल्या मुलांनी वाचायला हरकत नाही, पण त्यांना उपयोग होणार नाही. हे माझं मत नाही, अ‍ॅरिस्टॉटलचं आहे. नीतीवरच्या व्याख्यानाला तरुण श्रोता कामाचा नाही, त्याला व्यवहाराचा अनुभव नसतो आणि तो मनात येईल तसा वागतो, असं त्याने आपल्या नीतिशास्त्राच्या ग्रंथात सुरुवातीलाच लिहून ठेवलंय. कॉलेजात असताना हे कुणी सांगितलं असतं तर बी.कॉम.ची तीन वर्षं अपराधी न वाटता काढता आली असती. असो. आता वय झालंय, म्हणजे पात्रता आली.

मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात परचेसला आहे, गेली एकोणीस वर्षं. दोन वर्षांपूर्वी दूरशिक्षणाने तत्त्वज्ञानात एम.ए. करायला घेतलं, भर नीतिशास्त्रावर. त्या अनुभवावरून हे लिहितेय. विद्यापीठाचं नाव विचारू नका. का, ते शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल.

कारण तयार ठेवा

‘आता या वयात हे कशाला?’ हा प्रश्न पहिल्या आठवड्यात वीसेक जण विचारतात. खरं उत्तर देऊ नका. ‘आपण रोज जे करतो ते बरोबर की चूक, हे कुणाला तरी विचारायचं होतं’ असं सांगितलंत तर लोक तुम्हाला एखाद्या चांगल्या डॉक्टरचा नंबर देतात. ‘डिग्री असलेली बरी’ हे उत्तर सगळ्यांना पटतं. कशाची डिग्री, हे त्यानंतर कुणी विचारत नाही.

ऑफिसातल्या तरुण मुलांचा वेगळा गैरसमज होईल. पुण्यात ‘एथिक्स’ म्हटलं की समोरच्याला सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका दिसतात. २०१३पासून यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाचा चौथा पेपर नीतिशास्त्राचा आहे, २५० मार्कांचा, आणि त्यात केस स्टडी सोडवाव्या लागतात. तुम्ही अधिकारी आहात, वरून दबाव आहे, खालून मोर्चा आहे, घरी आई आजारी आहे, तर काय कराल, या धर्तीच्या. संपर्कसत्राला गेलात तर निम्मा वर्ग या मुलांचा असतो. प्रत्येक पेचाचं उत्तर त्यांच्याकडे तीन मुद्द्यांत तयार असतं आणि तिन्ही मुद्द्यांत अधिकारी निष्कलंक राहतो. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांनी आयुष्यात अजून एकही बिल पास केलेलं नाही.

घरच्यांची तऱ्हा आणखी वेगळी. सासूबाई म्हणाल्या, “आमच्याकडे नीती शिकायला कुणाला फी भरावी लागली नव्हती.” नवरा म्हणाला, “तू परचेसला आहेस. तुला हे परवडेल का?” तो फीबद्दलच बोलतोय असं मला तेव्हा वाटलं.

प्रवेशअर्ज, म्हणजेच पहिला स्वाध्याय

अर्जासोबत जुन्या गुणपत्रिका, मायग्रेशन, आधार, फोटो हे सगळं लागतंच. त्यात एक कागद जास्तीचा असतो: गॅप सर्टिफिकेट. शेवटची परीक्षा ते आजचा प्रवेश या मधल्या काळात तुम्ही काय करत होतात, याचं प्रतिज्ञापत्र. माझी गॅप बावीस वर्षांची निघाली.

कोर्टाबाहेर झाडाखाली बसणाऱ्या टंकलेखकाकडे याचा मसुदा तयार असतो. पुरुषांसाठी ‘वैयक्तिक अडचणींमुळे’, बायकांसाठी ‘घरकामात व्यस्त असल्यामुळे’. त्यापुढे ‘सदर कालावधीत मी कोठेही शिक्षण अगर नोकरी केलेली नाही व कोणताही गुन्हा केलेला नाही’. मी म्हटलं, अहो, मी सतरा वर्षं नोकरी करतेय. त्याने चष्म्यावरून पाहिलं. “मॅडम, मजकूर बदलायचा तर नव्याने टाइप करावं लागेल. अर्धा तास. आणि सगळे असंच लिहितात.” मला दोन वाजता सप्लायरची मीटिंग होती. मी सही केली. नोटरीने न वाचता शिक्का मारला. अशा रीतीने, माझी सतरा वर्षं पुसून टाकणारी खोटी शपथ घेऊन, मी नीतिशास्त्राच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला.

तुमच्याही वाट्याला हा प्रसंग येईल. वाईट वाटून घेऊ नका, पण प्रसंग नीट लक्षात ठेवा. पहिल्याच सत्रात तो कामाला येतो. इमान्युएल कांट नावाचा जो जर्मन गृहस्थ १७८५च्या त्याच्या छोट्या पुस्तकातून भेटतो, त्याची कसोटी अशी: तुम्ही ज्या नियमाने वागताय तो सगळ्यांचाच नियम झाला तर चालेल का, ते पाहा. सोयीपुरतं खोटं वचन सगळेच देऊ लागले तर वचनावर कुणी विश्वासच ठेवणार नाही आणि मग खोटं वचन देण्यातही अर्थ उरणार नाही. सर हे फळ्यावर समजावून सांगत होते आणि मला टंकलेखकाचं ‘सगळे असंच लिहितात’ ऐकू येत होतं. कांटने ज्याची नुसती कल्पना केली ते झाडाखाली कधीचंच अमलात आलंय. सगळे खोटं लिहितात, म्हणून कुणी वाचत नाही. आणि तरीही कागद मागतात. हे शेवटचं कांटच्या हिशेबात नव्हतं.

शब्द

पहिले दोन महिने फक्त शब्द जमवायचे. उपयुक्ततावाद, कर्तव्यवाद, सद्गुणवाद, निरपेक्ष आदेश, अधिनीतिशास्त्र. पाठ करा, अर्थ मागाहून येतो. कुठल्याही वादाच्या शेवटी ‘पण हा निकष वस्तुनिष्ठ आहे का?’ असं विचारलं की पाच मिनिटं मिळतात.

एक वाक्य मात्र खरंच कामाचं आहे. ह्यूम नावाच्या स्कॉटिश माणसाने १७४०च्या सुमारास दाखवून दिलं की नुसत्या ‘आहे’वरून ‘पाहिजे’ काढता येत नाही. लेखक ‘आहे, आहे’ म्हणता म्हणता कधी ‘पाहिजे’वर उडी मारतात ते कळतही नाही. हे मी उत्साहाने घरी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, “दूध संपलं आहे, आणलं पाहिजे. निघालं की नाही?” मी पिशवी घेतली.

बेंथम आणि मिल: आपली माणसं

नोकरदार विद्यार्थ्याला उपयुक्ततावाद पहिल्या झटक्यात कळतो, कारण तो आयुष्यभर तेच करत आलेला असतो. जेरेमी बेंथमने १७८९च्या ग्रंथात सुख मोजायचे सात रकाने दिले: किती तीव्र, किती काळ टिकणारं, किती खात्रीचं, किती जवळचं, त्यातून पुढे आणखी सुख निघेल का, त्यात दुःखाची भेसळ किती, आणि किती जणांना मिळणार. मी ते वाचलं आणि गहिवरले. हे तर आमचं व्हेंडर रेटिंग! क्वालिटी, डिलिव्हरी, प्राइस. तीन कोटेशनं मागवायची, कंपॅरेटिव्ह काढायचं, एल-वनला, म्हणजे सर्वांत स्वस्त ठरलेल्याला, ऑर्डर द्यायची. फरक इतकाच, की कंपॅरेटिव्हमध्ये कुठल्या रकान्याला किती वजन द्यायचं हे आधी ठरवून हवा तो सप्लायर एल-वन करता येतो, हे आम्हाला माहीत आहे. बेंथमला ते माहीत होतं की नाही कळायला मार्ग नाही. तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात काचेच्या पेटीत बसून आहे, स्वतःच्याच सांगाड्यावर स्वतःचेच कपडे चढवून, त्याच्या इच्छापत्रानुसार. पण बोलत नाही.

त्याचा शिष्य जॉन स्टुअर्ट मिल हा नोकरी सांभाळून नीती शिकणाऱ्यांचा कुलपुरुष समजायला हवा. वयाच्या सतराव्या वर्षी, १८२३ साली, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटला. वडील तिथे आधीच होते, त्यामुळे मुलाखत फार कडक झाली नसावी. १८५८ साली कंपनीचं राज्य संपेपर्यंत, पस्तीस वर्षं, त्याने तिथे खलिते लिहिले, बरीच वर्षं हिंदुस्थानी संस्थानांशी होणाऱ्या व्यवहाराचे. हिंदुस्थानात एकदाही आला नाही. कचेरीची वेळ सांभाळून तर्कशास्त्राचा जाडजूड ग्रंथ लिहिला. नोकरी सुटल्यावर १८५९मध्ये व्यक्तिस्वातंत्र्यावरचं पुस्तक काढलं, आणि त्यात हे स्वातंत्र्य अजून वयात न आलेल्या समाजांसाठी नाही, तिथे हुकूमशाही चालेल, अशी तळटीपवजा सूट ठेवून दिली. म्हणजे तुमचे-आमचे खापरपणजोबा वगळून. मालकाच्या धंद्यावर आच येणार नाही अशा बेताने तत्त्व मांडायचं, ही कला तुम्हालाही दुसऱ्या सत्रापर्यंत साधेल.

ट्रॉली: वेळ कमी द्या

ट्रॉलीचा प्रश्न तुम्हाला आधीच माहीत असेल. गाडी सुसाट येतेय, रुळावर पाच माणसं, सांधा बदलला तर दुसऱ्या रुळावर एकच माणूस. फिलिपा फूट या इंग्लिश बाईंनी १९६७ साली ट्रामचं उदाहरण घेऊन हा पेच मांडला. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४लाच धावून गेली होती, त्यामुळे आपण थोडक्यात वाचलो. पुढे ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन या अमेरिकन बाईंनी ट्रामची ट्रॉली केली आणि पुलावर एक जाडा माणूस आणून उभा केला: त्याला खाली ढकललं तर गाडी थांबेल, ढकलाल का?

आमच्या वर्गात एक रेल्वेतून निवृत्त झालेले काका होते. त्यांनी पहिल्याच तासाला विचारलं, पाच जण रुळावर काय करतायत? ब्लॉक घेतलाय का? घेतला असेल तर त्या लाइनवर सिग्नल पडणारच नाही. नसेल तर मुकादमावर कारवाई. आणि रस्त्याने जाणाऱ्या माणसाला सांधा बदलता येतो, हे कुठल्या देशातलं इंटरलॉकिंग? सर म्हणाले, काका, हा विचारप्रयोग आहे. काका म्हणाले, अपघात झाला की चौकशी समितीपुढे असंच म्हणतात सगळे.

परीक्षेला ट्रॉलीवर प्रश्न येतो म्हणून दोन्ही बाजू पाठ करा. बाकी एवढंच ध्यानात ठेवा, की थॉमसनबाईंनी तीस वर्षं ही गाडी चालवून २००८ साली स्वतःचं मत बदललं: वाटेवरच्या माणसाने सांधा बदलणंसुद्धा योग्य नाही, असं त्यांना वाटू लागलं. संपर्कसत्रात हे सांगितलंत तर यूपीएससीची मुलं फार अस्वस्थ होतात.

कौशिक: इथे थांबा

हा भाग घाईने वाचू नका. मी घाईनेच वाचणार होते, सासूबाईंमुळे थांबावं लागलं.

कांटने म्हातारपणी, १७९७ साली, एक छोटा निबंध लिहिला. बेंजामिन कॉन्स्टाँ या फ्रेंच लेखकाने त्याला डिवचलं होतं म्हणून. प्रश्न असा: तुमचा मित्र जीव वाचवायला तुमच्या घरात लपलाय. मारेकरी दारात येऊन विचारतो, तो आत आहे का? खोटं बोलावं का? कांट म्हणतो, नाही. गप्प राहता येत नसेल तर खरंच सांगावं. आणि त्याला जोड देतो ती अशी: समजा तुम्ही ‘घरात नाही’ म्हणालात, आणि मित्र तेवढ्यात खिडकीतून सटकून खरंच बाहेर पडलेला असला, आणि मारेकऱ्याला तो रस्त्यात सापडला, तर त्या मृत्यूचा दोष तुमच्यावर येईल.

रात्री जेवताना मी हे सांगितलं. मुलगा म्हणाला, कांटकाकांना मित्र नव्हते वाटतं. सासूबाईंनी मात्र भाताचा घास खाली ठेवला. “हे कौशिकाचं आहे. तो नरकात गेला.”

कौशिकाची गोष्ट त्यांनी लहानपणी कीर्तनात ऐकली होती. महाभारतात कर्णपर्वात ती आहे. कौशिक नावाचा तपस्वी, कायम खरं बोलायचं व्रत. काही माणसं दरोडेखोरांच्या भीतीने पळत येऊन त्याच्या जवळच्या रानात लपली. मागून दरोडेखोर आले, महाराज खरं सांगा, कुठे गेले? महाराजांनी खरं सांगितलं. माणसं मारली गेली. आणि कौशिक, आयुष्यात एकदाही खोटं न बोललेला कौशिक, नरकात गेला, कारण धर्म सूक्ष्म असतो हे त्याला कळलं नाही. ही गोष्ट सांगतो कृष्ण, आणि सांगतो कुणाला, तर अर्जुनाला. कारण ‘गांडीव दुसऱ्याला देऊन टाक’ असं जो म्हणेल त्याला मारीन, हे अर्जुनाचं व्रत होतं आणि नेमकं ते धर्मराजच रागाच्या भरात बोलून बसले होते. तलवार उपसून धाकटा भाऊ थोरल्यावर निघालाय, शब्द पाळायला. तिकडे रणावर युद्ध चालूच आहे.

एकच प्रश्न. कांटच्या कोनिग्सबर्गमध्ये खरं सांगणारा निर्दोष सुटतो, कुरुक्षेत्रावर नरकात जातो. मला वाटलं, मोठा शोध लागला. सरांना सांगितलं तर त्यांनी शांतपणे गीतारहस्य काढायला लावलं. टिळकांनी १९१०-११च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीने लिहिलेला तो ग्रंथ १९१५मध्ये छापून आला. आमच्या घरी त्याची प्रत होती, आजेसासऱ्यांची, लाल फडक्यात बांधलेली, देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर. दर दसऱ्याला तिची पूजा होते. उघडलेली कुणी पाहिली नव्हती. ‘कर्मजिज्ञासा’ हे प्रकरण काढा. खरं-खोटं, अहिंसा, चोरी यांचे अपवाद कुठले, याची तिथे झाडाझडती आहे, आणि महाभारताच्या शेजारी मिल, सिज्विक वगैरे साहेब मंडळींना साक्षीला उभं केलंय. ‘आधिभौतिक सुखवाद’ नावाच्या प्रकरणात तर बेंथम-मिलची पूर्ण तपासणी आहे. आमच्या दूरशिक्षणाच्या पुस्तिकेपेक्षा ती सरस आहे. नोकरदार विद्यार्थ्यांनी फक्त एक लक्षात घ्यावं: टिळकांना अभ्यासासाठी सहा वर्षांची सलग सुटी मिळाली होती. आपल्याला मार्चएंडला एक दिवस सीएल मिळत नाही.

ऑफिसात वापरू नका

कांट शनिवारी वाचला असेल तर सोमवारी फोन उचलू नका, ही माझी कळकळीची सूचना आहे.

आमच्या खात्यात सर्वांत जास्त वापरलं जाणारं वाक्य म्हणजे ‘पेमेंट प्रोसेसमध्ये आहे’. याचा अर्थ बिल कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये आहे. त्या सोमवारी एका छोट्या सप्लायरचा फोन आला, सहा कामगारांचं वर्कशॉप असलेला माणूस. मी खरं सांगितलं. बिल माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, तीन आठवड्यांपासून, वरून अडकवायला सांगितलंय. तो क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, “मॅडम, तब्येत बरी आहे ना?” आणि दुपारी त्याने डायरेक्टरना फोन केला. मला केबिनमध्ये बोलावलं गेलं. कांटच्या निरपेक्ष आदेशाचा उल्लेख मी तिथे केला नाही.

गंमत म्हणजे हे खोटं कांटने नाही, आयकर कायद्याने आटोक्यात आणलं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्या, असं २००६चा कायदा सांगत होताच. पण कलम ४३ बी (एच) आलं आणि मुदत उलटून वर्षअखेरीला थकलेल्या पैशांची वजावट त्या वर्षी मिळेनाशी झाली, तेव्हापासून अकाउंट्सवाले स्वतः फोन करून बिलं मागतात. नीती होती तिथेच आहे, ड्रॉवर रिकामा झाला.

यावरून ‘मग नियमच करा की’ असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. तेव्हा सरांनी आंबेडकर वाचायला दिले. लाहोरला द्यायचं आणि न झालेलं ते १९३६चं भाषण, जातिभेदाच्या निर्मूलनाचं. त्यात नियम आणि तत्त्व यांच्यातला फरक सांगणारा जो भाग आहे तो नीतिशास्त्राच्या अभ्यासक्रमात सगळ्यात आधी ठेवायला हवा, असं माझं मत आहे. आमच्याकडे तो ऐच्छिक वाचनात होता. नियम स्वयंपाकाच्या कृतीसारखा असतो, काय आणि कसं करायचं तेवढं सांगतो. तत्त्व फक्त कशाच्या आधारे ठरवायचं ते सांगतं. म्हणून तत्त्वाने वागताना चूक झाली तरी ती तुमची असते, आणि नियमाने वागताना बरोबर झालं तरी त्यात तुमचं फारसं काही नसतं. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्युईच्या वर्गात बसलेल्या माणसाचं हे लिखाण आहे, पण ते लिहिताना त्याच्यासमोर कोलंबिया विद्यापीठातला फळा नव्हता, हजार वर्षं धर्म म्हणून चाललेली एक नियमावली होती. हे वाचल्यापासून आमचं परचेस मॅन्युअल मला वेगळंच दिसतं. ‘तीन कोटेशनं घेतली होती’ हे वाक्य मी एकोणीस वर्षांत किती वेळा ढालीसारखं पुढे केलं असेल, मोजलं नाही.

(‘असं करा, असं करू नका’ सांगणारं हे मार्गदर्शन त्या भाषणाच्या हिशेबात कुठे बसतं, हे मला कळतं. संपादकांनी लेख मागितला होता.)

ग्रंथालय आणि झेरॉक्स

इंग्रजी पुस्तकं महाग असतात. सगळा वर्ग झेरॉक्सवर शिकतो. मनाला लागलं तर दिल्ली उच्च न्यायालयाचा २०१६चा निकाल आठवा: विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानाविरुद्ध बडे प्रकाशक गेले होते आणि अभ्यासासाठी उतारे काढून देणं हे कॉपीराइटचं उल्लंघन नाही, असं न्यायालयाने म्हटलं. उतारे. अख्खं पुस्तक स्पायरल बाइंडिंगसह नव्हे. पण दुकानदाराला तो फरक समजावत बसू नका, मागे रांग असते.

ग्रंथालयातून नेलेलं पुस्तक मुदतीत परत करा. हे सांगावं लागतं, कारण कॅलिफोर्नियातल्या एरिक श्विट्झगेबेल नावाच्या प्राध्यापकाने नेमकं हेच तपासलं. २००९मध्ये त्याचा निबंध आला. अमेरिका-इंग्लंडच्या मोठ्या ग्रंथालयांतून तत्त्वज्ञानाची कुठली पुस्तकं गायब होतात? नीतिशास्त्राची, जी बहुधा प्राध्यापक आणि पुढे गेलेले विद्यार्थीच वाचतील अशी, इतर शाखांच्या तसल्याच पुस्तकांच्या साधारण दीडपट. पुढे त्याने नीतिशास्त्राच्या प्राध्यापकांना मांसाहाराबद्दल विचारलं. सुमारे ६० टक्के म्हणाले, वाईट. आदल्या रात्री काय जेवलात असं विचारल्यावर मात्र त्यांची ताटं इतर प्राध्यापकांच्या ताटांहून फारशी वेगळी निघाली नाहीत.

हे मी ज्या पुस्तकात वाचलं ते अभ्यासकेंद्राच्या ग्रंथालयाचं आहे. चौदा महिन्यांपूर्वी आणलेलं. समोरच आहे.

घरात वापर: मर्यादित

पीटर सिंगर या तत्त्वज्ञाचं तळं घरी सांगू नका. उथळ तळ्यात मूल बुडतंय, कपडे खराब होतील म्हणून तुम्ही थांबाल का? नाही ना, मग दूरच्या उपाशी माणसासाठी पैसे देताना का थांबता, असा त्याचा १९७२चा युक्तिवाद. पूर्व बंगालचे निर्वासित आदल्या वर्षी लाखांनी भारतात येत होते, त्यावरूनच त्याने तो लिहिला. सासूबाई म्हणाल्या, “त्याला उशीर झाला. आम्ही पाच पैशांचं तिकीट चिकटवत होतो.” खरंच आहे ते. नोव्हेंबर १९७१पासून दर पत्रावर निर्वासितांसाठी पाच पैशांचं जादा तिकीट सक्तीचं होतं. सुरुवातीला कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच शिक्का मारून भागवलं होतं. मी म्हटलं, पण आई, सक्तीने दिलं तर ती नीती कशी? त्या म्हणाल्या, “पोटात गेलं ना त्यांच्या?” हा उपयुक्ततावाद झाला, असं मी सांगणार होते. राहू दिलं.

स्वाध्याय

प्रत्येक सत्राला स्वाध्याय लिहावा लागतो. झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतात, पण शेवटच्या सत्रातला मिळत नाही, कारण विषय असतो: ‘स्वतःच्या व्यवसायातील एक नैतिक पेच व आपण केलेली सोडवणूक’. दहा गुण.

माझा पेच तयार होता. दिवाळीच्या आधी एका सप्लायरचा माणूस, मी ऑफिसात असताना, घरी खोका देऊन गेला. कंपनीचं धोरण स्वच्छ आहे: भेटवस्तू घ्यायची नाही, आली तर पत्र देऊन परत पाठवायची. सासूबाईंना धोरण माहीत नाही. सोनेरी कागद, खाली काजू, बदाम, काळ्या मनुका, आणि मधल्या कप्प्यात चांदीचं नाणं, लक्ष्मीची छाप असलेलं. मला कळलं ते लक्ष्मीपूजनानंतर तिसऱ्या दिवशी. काजू शेवयांच्या खिरीत गेले होते, बदाम शेजाऱ्यांकडे फराळाच्या ताटांतून. नाणं पूजेत होतं, हळदकुंकू लावलेलं.

“पूजेतली लक्ष्मी परत करायची?” सासूबाईंनी विचारलं.

त्या सप्लायरची ऑर्डर माझ्याच टेबलावर होती. तीन कोटेशनं, कंपॅरेटिव्ह, आणि तो एल-वन होताच. खोका आला नसता तरी होताच. बेंथमच्या रकान्यांत बसवून पाहिलं: शेजारी खूश, मुलगा खूश, सप्लायर खूश, कंपनीला स्वस्तात माल. सात रकाने, एकही लाल नाही. मी सही केली. नाणं देव्हाऱ्यात राहिलं. सासूबाई दर शुक्रवारी ते चिंचेने घासतात.

स्वाध्याय लिहायला बसले तेव्हा रात्रीचे बारा वाजले होते. पेच जसाच्या तसा लिहिला. खोका, काजू, धोरण, एल-वन. सोडवणुकीच्या रकान्यात लिहिलं की खोका त्याच संध्याकाळी न उघडता, नम्र पत्रासह, परत पाठवला, आणि ऑर्डरचा निर्णय सहकाऱ्याकडे सोपवला. कांट, आंबेडकर आणि कौशिक, तिघांचे संदर्भ दिले. कौशिकाला थोडा जास्त वेळ दिला.

दहापैकी आठ मिळाले. समासात लाल शाईने शेरा होता: ‘लेखन अनुभवाधारित व प्रामाणिक. वर्गात वाचून दाखवावे.’ वाचून दाखवलं. यूपीएससीच्या मुलांनी टिपून घेतलं. रेल्वेचे काका तास संपल्यावर जवळ आले आणि म्हणाले, “मॅडम, काजू कुठल्या खिरीत?” मी म्हटलं, कसली खीर? ते म्हणाले, “नाही, सहज.”

गुण कमी वाटत असतील तर निकालानंतर विहित मुदतीत फेरतपासणीसाठी अर्ज करता येतो. मी केलेला नाही.